फिरत्या गाडीवर सौर वीज : आधी मोजा, मग घ्या



गटाची खाऊची गाडी आठवडी बाजारात, जत्रेत किंवा एसटी स्टँडच्या बाजूला उभी राहते. दिवसा काही अडत नाही. खरी गर्दी होते दिवेलागणीला, आणि तेव्हाच विजेचा प्रश्न येतो. कुणी शेजारच्या दुकानातून वायर ओढून घेतं, कुणी जत्रेत बल्बमागे भाडं देतं, कुणी जनरेटर लावून आवाज आणि धूर दोन्ही सोसतं. काही जणी गाडीच्याच बॅटरीवर दिवे लावतात आणि रात्री निघताना गाडी सुरू होत नाही, मग ढकलत बसावं लागतं.

टपावर एक सोलर पॅनेल आणि आत एक वेगळी बॅटरी बसवली की हे सगळं टळतं. काम अवघड नाही. घरचा इन्व्हर्टर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सहज कळेल. पण यात दोन ठिकाणी घात होतो. एक, दुकानदार सांगेल ते उचललं तर कर्जाचे पैसे वाया जातात. दोन, फ्यूज न लावता वायरी जोडल्या तर आग लागू शकते, आणि आपल्या गाडीत गॅसची टाकी असते. म्हणून या धड्यात हिशेब आणि जोडणी दोन्ही नीट समजून घेऊ. जोडणीचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण तो काय करतोय हे गटातल्या दोघी-तिघींना तरी कळलं पाहिजे.

कोणती वस्तू काय करते

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. पॅनेल म्हणजे टाकी भरणारी मोटर. ऊन असेल तेवढा वेळच ती चालते. बॅटरी म्हणजे टाकी. चार्ज कंट्रोलर म्हणजे टाकीतला फ्लोट : टाकी भरली की तो पाणी थांबवतो, आणि तळाला गेली की खालचा नळ बंद करतो. वायर म्हणजे पाइप. फ्यूज म्हणजे असा सांधा, जो जास्त जोर आला तर स्वतः तुटतो आणि बाकीचं वाचवतो.

आता तीन शब्द. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे धार, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. एखादी वस्तू किती वॅटची आहे त्याला ती किती तास चालते त्याने गुणलं की वॅट-तास मिळतात. घरच्या लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. गाडीचा सगळा हिशेब वॅट-तासातच करायचा असतो.

पायरी १ : रोजचा वापर मोजा

बहुतेक जणी पॅनेलपासून सुरुवात करतात. सुरुवात वापरापासून करायची. कागद घ्या आणि गाडीवर काय काय चालणार ते लिहा. एका साध्या गाडीचा हिशेब असा होईल :

- १२ व्होल्टचे एलईडी दिवे, ९ वॅटचे ३, रोज ४ तास : १०८ वॅट-तास
- १२ व्होल्टचा छोटा पंखा, १५ वॅट, रोज ५ तास : ७५ वॅट-तास
- दोन मोबाईल आणि पैसे आल्याचं सांगणारा साउंड बॉक्स : ३५ वॅट-तास
- भांडी धुवायला छोटा पंप, ३६ वॅट, रोज १० मिनिटं : ६ वॅट-तास

बेरीज झाली २२४. वायरीत आणि बॅटरीत थोडी वीज वाया जाते, म्हणून वीस टक्के वाढवा. साधारण २७० वॅट-तास. म्हणजे रोज पाव युनिटपेक्षा थोडी जास्त. एवढ्याशा विजेवर पूर्ण संध्याकाळचा धंदा होतो.

इथे दिवे, पंखा, पंप सगळे १२ व्होल्टचे घेतलेत ते मुद्दाम. ते बॅटरीवर थेट चालतात. घरगुती २३० व्होल्टचे दिवे घेतले तर मध्ये इन्व्हर्टर लागतो, आणि तो स्वतःच वीज खातो.

आता ज्या वस्तू यादीत नाहीत त्यांच्याबद्दल. बैठकीत पहिला प्रश्न मिक्सरचा येणार. ५०० वॅटचा मिक्सर चालवायला बॅटरीतून ४५ ते ५० अँपिअर धार लागते. म्हणजे मोठा इन्व्हर्टर, करंगळीएवढ्या जाड वायरी आणि मोठी बॅटरी. रोज दहा मिनिटांच्या चटणीसाठी हा खर्च पटत नाही. चटणी, वाटण घरी करून डब्यात न्या.

फ्रिजचंही तेच. १२ व्होल्टचा ४५ वॅटचा छोटा फ्रिज दिवसभरात निम्मा वेळ चालतो असं धरलं तरी २४ तासांत ५४० वॅट-तास घेतो. एका फ्रिजने आपला वापर तिपटीहून जास्त होतो. ताक, दही, सरबतासाठी बर्फाची पेटी परवडते. आणि इंडक्शन शेगडी, इस्त्री, पाणी तापवायची रॉड यांचं तर नावच काढू नका. उष्णता करणारी कुठलीही वस्तू या बॅटरीवर चालवायची नाही. स्वयंपाक गॅसवरच.

पायरी २ : बॅटरी केवढी

एखादा दिवस ढगाळ निघतो. म्हणून बॅटरीत दोन दिवसांची वीज मावली पाहिजे. २७० चे दुप्पट ५४० वॅट-तास.

बॅटरी दोन प्रकारची मिळते. घरच्या इन्व्हर्टरला असते ती पाण्याची, म्हणजे लेड-अॅसिड. ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर मरते. म्हणून ५४० वापरायचे तर १०८० ची बॅटरी हवी. १०८० भागिले १२ व्होल्ट, आले ९० अँपिअर-तास. बाजारात १०० अँपिअर-तासाची मिळते, ती घ्या.

दुसरी लिथियम. यातही गाडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट याच जातीची मागा, ती जास्त सुरक्षित असते. ती ८० टक्क्यांपर्यंत वापरली तरी चालते. ५४० भागिले ०.८ म्हणजे ६७५. तिचा व्होल्टेज १२.८ असतो, म्हणून ६७५ भागिले १२.८, आले ५३. म्हणजे ६० अँपिअर-तासाची पुरते.

लेड-अॅसिड स्वस्त पडते, पण वजन तीस किलोच्या पुढे, दर महिन्याला पाणी बघायचं, आणि चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. लिथियम महाग, पण वजनाला सात-आठ किलो, पाणी नाही, आणि नीट वापरली तर कितीतरी जास्त वर्षं टिकते. खड्ड्यांतून फिरणाऱ्या गाडीला लिथियम सोयीची. पण पहिल्या वर्षी धंदा किती चालेल याची खात्री नसेल आणि कर्ज कमी ठेवायचं असेल तर लेड-अॅसिडनेही काम होतं. यात कमीपणा काही नाही. फक्त गाडीच्या इंजिनची बॅटरी यासाठी वापरू नका. ती गाडी सुरू करताना क्षणभर जोर देण्यासाठी बनलेली असते, तासन्‌तास दिवे पेटवण्यासाठी नाही.

पायरी ३ : पॅनेल केवढं

पॅनेलवर १०० वॅट लिहिलेलं असतं, पण ते कडक उन्हात, थंड पॅनेलवर, कारखान्यात मोजलेलं. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ५ तास कडक ऊन मिळतं असा हिशेब करतात. पावसाळ्यात तेच ३ तासांवर येतं, कोकणात आणि घाटात झडीच्या दिवसांत त्याहूनही खाली. शिवाय धूळ असते, टपावर पॅनेल आडवं असतं, आणि पॅनेल तापलं की वीज कमी देतं. हो, ऊन हवं पण उष्णता नको असं त्याचं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात हे चांगलंच जाणवतं. म्हणून शंभरातले पासष्टच हातात येतील असं धरा.

१०० वॅटचं पॅनेल :
- उन्हाळ्या-हिवाळ्यात १०० × ५ × ०.६५ = ३२५ वॅट-तास
- पावसाळ्यात १०० × ३ × ०.६५ = १९५ वॅट-तास

आपल्याला रोज २७० हवेत. म्हणजे पावसाळ्यात कमी पडणार.

१५० वॅटचं पॅनेल :
- उन्हाळ्या-हिवाळ्यात १५० × ५ × ०.६५ = साधारण ४९० वॅट-तास
- पावसाळ्यात १५० × ३ × ०.६५ = साधारण २९० वॅट-तास

हे बसतं. ऊन असेल त्या दिवशी आजचा वापर भागून कालची तूटही भरून निघते. १५० वॅटचं पॅनेल साधारण पाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असतं. दुकानात जाण्याआधी टप मोजून जा.

सावलीचं लक्षात ठेवा. पॅनेलवर झाडाची एक फांदी किंवा दोरीवरची साडी आडवी आली तरी वीज निम्म्यावर येऊ शकते, कारण आतले सगळे तुकडे एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. बाजारात गाडी सावलीत लावावी लागली तर हरकत नाही, पण सकाळी घराजवळ उभी असताना ती उन्हातच ठेवा. बरीचशी बॅटरी तिथेच भरते.

पायरी ४ : कंट्रोलर

पॅनेलच्या मागच्या लेबलवर जास्तीत जास्त अँपिअर लिहिलेले असतात. १५० वॅटच्या पॅनेलला ते साधारण ९ असतात. त्यात पाव भाग मिळवा, ११ झाले. बाजारात १० आणि २० अँपिअरचे कंट्रोलर मिळतात, आपण २० चा घ्यायचा.

कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम साधा आणि स्वस्त, एमपीपीटी महाग पण जास्त वीज काढणारा. १२ व्होल्टसाठी बनवलेलं पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम चालतो, आणि आपला वरचा हिशेब त्याच्यावरच केलेला आहे. पण इथे एक गंमत होते. घराच्या छपरावर बसवतात ती ४००-५०० वॅटची मोठी पॅनेल वॅटमागे स्वस्त पडतात, म्हणून कुणी ती सुचवेल. त्यांचा व्होल्टेज खूप जास्त असतो. साध्या कंट्रोलरवर लावली तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते, आणि कंट्रोलरला तेवढा दाब झेपत नसेल तर तो जळतोही. ते पॅनेल छोट्या टपावर मावतही नाही.

लिथियम बॅटरी घेतली तर कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग आहे का ते दुकानातच दाखवायला सांगा.

पायरी ५ : वायर आणि फ्यूज

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निष्काळजी राहतात. धोका शॉकचा नाही, आगीचा आहे. बॅटरीचा प्लस आणि मायनस एकमेकांना टेकले तर शेकडो अँपिअर धार वाहते आणि वायर काही क्षणांत लाल होते. गाडी हलते, वायर पत्र्याच्या कडेला घासते, वरचं प्लास्टिक निघतं, आणि हेच घडतं. फ्यूज असेल तर तो उडतो आणि गोष्ट तिथेच संपते.

म्हणून पहिला नियम : बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत फ्यूज. लांब लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर उघडीच राहते. आपल्या हिशेबाला इथे २० अँपिअरचा फ्यूज, गाड्यांमध्ये असतो तसा पात्याचा. तो पिवळ्या रंगाचा येतो.

दुसरा नियम : वायर जाड घ्या. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटला धार मोठी लागते. आपले दिवे, पंखा, मोबाईल आणि पंप एकदम चालले तर साधारण ९ अँपिअर होतात. एक चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून तीन मीटरवर ९ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच मरतो. दिवे मंद होतात, पंखा दमतो, वायर तापते. तेच ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्ट जातो. म्हणून पॅनेल ते कंट्रोलर, कंट्रोलर ते बॅटरी आणि कंट्रोलर ते फ्यूज-पेटी या मुख्य वायरी तांब्याच्या, ४ चौरस मिलिमीटरच्या. पुढे प्रत्येक दिव्याला, पंख्याला दीड चौरस मिलिमीटर पुरते.

तिसरा नियम : प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज. दिव्यांना ५, पंख्याला ५, मोबाईलच्या सॉकेटला ५, पंपाला साडेसात अँपिअर. फ्यूज उडाला तर तेवढाच घाला, जास्त मोठा नाही, आणि तारेचा तुकडा तर कधीच नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. आधी दोष शोधा.

पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबराचा वायसर लावा. गाडीचा पत्रा मायनस म्हणून वापरू नका, दोन्ही वायरी स्वतंत्र न्या.

गॅस आणि बॅटरी

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली फरशीवर साचतो. हायड्रोजन हलका, तो वर जातो. म्हणून बॅटरी, कंट्रोलर आणि फ्यूज-पेटी टाकीच्या शेजारी नको. त्यांना गाडीच्या दुसऱ्या टोकाला, फरशीपासून वर, वेगळा कप्पा करा. टाकीच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवा, म्हणजे गॅस गळला तर बाहेर जाईल. लेड-अॅसिड बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूला बाहेर उघडणारी भोकं ठेवा. बॅटरी पट्ट्याने आवळून बसवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, आधी गाडी उघडी करा.

जोडण्याचा क्रम

काम सुरू करण्याआधी धातूच्या बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र काढून ठेवा. बांगडी दोन्ही टोकांना टेकली तर मनगट भाजतं. पान्ह्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा.

१. पॅनेल टपावर घट्ट बोल्टने बसवा, खाली दोन बोटं मोकळी जागा ठेवा म्हणजे वारा खेळेल. भोकं सीलंटने बंद करा. त्यावर गोधडी टाकून ठेवा, म्हणजे वीज बनणार नाही.
२. सगळे फ्यूज काढून ठेवा आणि वायरी ओढून घ्या. प्लसला लाल, मायनसला काळी.
३. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग तिचा फ्यूज घाला. बॅटरी जोडल्यावरच कंट्रोलरला आपण १२ व्होल्टचे आहोत हे कळतं.
४. मग पॅनेल जोडा. गोधडी काढा. चार्जिंगचं चिन्ह दिसलं पाहिजे.
५. शेवटी कंट्रोलरच्या दिव्याचं चित्र असलेल्या टोकांना फ्यूज-पेटी जोडा, आणि एकेक फाटा चालू करून बघा.

काढताना उलटा क्रम : आधी दिवे, मग पॅनेल, शेवटी बॅटरी. दिवे कंट्रोलरमधून घेतल्याचा फायदा असा की बॅटरी फार उतरली की तो दिवे आपोआप बंद करतो आणि बॅटरी वाचते. म्हणून कुणी तुम्हाला थेट बॅटरीवरून दिवा जोडून देत असेल तर नको म्हणा.

निगा

- आठवड्यातून एकदा सकाळी पॅनेल पाण्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.
- महिन्यातून एकदा सगळे स्क्रू आवळा. गाडी हादरते, टोकं सैल होतात, आणि सैल टोक तापतं.
- लेड-अॅसिडमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. टोकांना व्हॅसलिन लावा.
- सकाळी पॅनेलवर ऊन पडण्याआधी लेड-अॅसिडचा व्होल्टेज बघा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रोज १२.२ च्या खाली जात असेल तर वापर वाढलाय किंवा पॅनेलवर सावली येते. लिथियमच्या व्होल्टेजवरून एवढा अंदाज येत नाही, तिला टक्के दाखवणारं मीटर लावून घ्या.
- गटाच्या वहीसारखी गाडीची एक वही ठेवा : तारीख, सकाळचा व्होल्टेज, काय बदललं.

खरेदी करताना

निदान तीन दुकानांचं कोटेशन घ्या, आणि तिघांनाही आपलाच कागद द्या : १५० वॅट १२ व्होल्ट पॅनेल, २० अँपिअर कंट्रोलर, अमुक जातीची बॅटरी, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, फ्यूज-पेटी. नाहीतर प्रत्येक जण वेगळी वस्तू सांगतो आणि दराची तुलनाच होत नाही. ज्या कोटेशनमध्ये फ्यूज आणि वायरीची जाडी लिहिलेली नाही ते परत करा. पक्कं बिल, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख, पॅनेलवर बीआयएसची खूण, आणि बॅटरीवरची बनवल्याची तारीख बघून घ्या.

पीएम सूर्यघर ही २०२४ साली आलेली योजना घराच्या छपरावरच्या, वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या पॅनेलसाठी आहे. गाडीला ती लागू होत नाही. कुणी तिच्या नावाने अनुदान मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. कर्जाचा हप्ता गाडीच्या कमाईवर बसतो का तेवढंच बघा आणि ठराव करून घ्या. टपावर वजन वाढवताना किंवा गाडीच्या रचनेत बदल करताना आरटीओकडे चौकशी करा.

बैठकीत सोडवायचा स्वाध्याय

ऊसतोडीला जाणाऱ्या एका ताईला कोपीसाठी सोलर हवंय. ५ वॅटचे २ दिवे रोज ५ तास, आणि दोन मोबाईल मिळून ३० वॅट-तास. बॅटरी लेड-अॅसिड. केवढी बॅटरी, केवढं पॅनेल?

उत्तर : दिव्यांचे ५०, मोबाईलचे ३०, बेरीज ८०. वीस टक्के वाढवून ९६, म्हणजे साधारण १००. दोन दिवसांचे २००. निम्मीच वापरायची म्हणून ४००. भागिले १२, आले ३३. म्हणजे ३५ ते ४० अँपिअर-तासाची बॅटरी. ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणून ऊन ५ तास धरू. १०० भागिले (५ × ०.६५), आले ३१. म्हणजे ४० वॅटचं पॅनेल पुरतं. तेच पावसाळ्यातही वापरायचं असेल तर ३ तासांनी हिशेब केला की ५१ येतात, मग ६० वॅटचं घ्यावं.

आता आपल्या गटाच्या गाडीची यादी अशीच मांडा. प्रत्येकीने स्वतः गुणाकार करावा आणि मग आकडे जुळतात का ते बघावं. दुकानात जाताना तो कागद सोबत न्या.